तीन ते पाच

पहिला घास तोंडात घेतला आणि ती पुरी मला ओळखीची वाटली.

फेब्रुवारीतली सकाळ होती. कोलकात्यात, बहूबाजारच्या एका गल्लीच्या तोंडाशी, मी लाकडी बाकावर बसले होते. समोर पानाच्या द्रोणात दोन पुऱ्या, शेजारी हरभऱ्याच्या डाळीची गोडसर आमटी आणि तिच्यात खोबऱ्याचे तळलेले काप. पुरीच्या आत उडदाच्या डाळीचं सारण. त्यात हिंग, आणि त्यामागून हळूच येणारी बडीशेप. या पुरीला इथे राधाबल्लभी म्हणतात. आमच्या घरी तिला 'कोलकात्याची पुरी' म्हणायचे.

"आणखी देऊ?" दुकानदाराने हिंदीत विचारलं.

"डाळ भिजवून वाटता का?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "भिजवायची, वाटायची, परतायची. गार होऊ द्यायची. घाई केली की पुरी फुटते."

घाई केली की पुरी फुटते. हे मी चिंचवडच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकलं होतं, दहा-अकरा वर्षांची असताना. सांगणारे बाबा होते.

मी उरलेली पुरी सावकाश खाल्ली. शेवटची कधी खाल्ली होती ते आठवायचा प्रयत्न केला. आठवेना.

माझे बाबा, अनंत गुरव, एका टूर कंपनीत महाराज होते. मराठी माणूस काश्मीरला जावो नाहीतर कन्याकुमारीला, संध्याकाळी त्याला पोळी-भाजी आणि वरण-भात लागतो. म्हणून कंपनी प्रवाशांबरोबर आपला आचारीही पाठवते. बाबा स्वतःची पळी, झारा आणि लाटणं वळकटीत बांधून न्यायचे. "ताजमहालासमोर उभा राहून आपला माणूस काय विचारतो माहीत आहे?" ते सांगायचे. "महाराज, रात्री पिठलं आहे ना?" त्यांनी अठ्ठावीस वर्षं अशी काढली. दर थंडीत कोलकात्याला एक फेरी ठरलेली असे.

परत आले की ते चहा घ्यायचे, पाय धुऊन पाटावर बसायचे आणि म्हणायचे, "बायो, विचार."

मी विचारायची, "काय बघितलंत?"

मग ते सांगायचे. दर फेरीत एकच गोष्ट बघितलेली आणि एकच खाल्लेली. मला वाटायचं, खूप बघून त्यातलं सर्वांत चांगलं ते माझ्यासाठी निवडून आणतात. हावड्याच्या पुलावरून चालताना बस शेजारून गेली की थरथर टाचेतून दाढेपर्यंत येते. मातीच्या भांड्यातलं गोड दही कडेनं खायचं. मातीनं पाणी ओढलेलं असतं, कडेला ते खरवसासारखं घट्ट लागतं. आई भांडी लावता लावता म्हणायची, "पुरे झालं पुराण, तिला अभ्यास आहे." पण तीही भांडी वाजवायची थांबलेली असायची.

या प्रवासाला आता दहा वर्षं होऊन गेली. आई बाबांच्या आधी दोन वर्षं गेली होती आणि बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. ऑफिसातून आठवड्याची रजा काढून मी एकटीच निघाले. सहलीला चालले, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. बाबांनी सांगितलेलं कोलकाता त्यांनी खरोखर बघितलं होतं की नाही, ते मला तपासायचं होतं. एकदा मी त्यांना 'नाही' असं सांगून मोकळी झाले होते. माझं बरोबर निघालं असतं तर मला थोडी झोप लागली असती.

कंपनी ज्या हॉटेलात उतरायची त्याचं नाव मला पाठ होतं. हॉटेल पारिजात, धर्मतल्याच्या मागच्या रस्त्याला. खोली तिथेच घेतली. काउंटरवरच्या माणसाने माझा पत्ता वाचला आणि आनंदाने म्हणाला, "महाराष्ट्र! नाश्त्याला पोहे मिळतील."

"मला इथलंच काहीतरी हवं आहे."

"सगळे असंच म्हणतात," तो म्हणाला. "दोन दिवसांनी पोहे मागतात."

गच्चीवर बाबांचं स्वयंपाकघर होतं, हेही मला माहीत होतं. पहिले दोन दिवस मी जिना चढले नाही.

मी ठरवून परीक्षकासारखी वागत होते. दुसऱ्याकडून ऐकून सांगता येतं ते एकीकडे, आणि स्वतः गेल्याशिवाय सांगताच येत नाही ते दुसरीकडे, असे मी बाबांच्या गोष्टींचे दोन वाटे केले होते. पुरी पहिल्या वाट्यात गेली. आचाऱ्याला आचारी कृती सांगतोच. दही मी कडेनं खाल्लं, अगदी त्यांनी सांगितलं तसं लागलं, पण मुरलेल्या आचाऱ्याला हे न खाताही उमगलं असतं. तेही पहिल्या वाट्यात. हावड्याच्या पुलावरून मी चालत गेले. फुलबाजारातून झेंडूच्या माळांचे भारेच्या भारे खांद्यावर घेऊन माणसं येत होती, त्यांचे धक्के खात कठड्याशी उभी राहिले. बस गेली. थरथर टाचेत आली, गुडघ्यात आली. दाढेपर्यंत आली की नाही, हे मला नक्की सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी व्हिक्टोरिया मेमोरियलला गेले. ते मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

त्याचं कारण असं. मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वाचनाचं नवं वेड लागलेलं. लायब्ररीतून जाडजाड पुस्तकं आणायची आणि घरातल्या सगळ्यांचं सगळं बोलणं तपासून बघायची. दिवाळीच्या सुट्टीत दोन मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. बाबा घरी होते आणि खुशीत होते. आम्हाला गरम पोळ्या वाढता वाढता त्यांनी मागच्या थंडीतलं कोलकाता काढलं.

"काय सांगू तुम्हाला, पांढराशुभ्र महाल. आणि घुमटावर एक काळी परी, हातात तुतारी. ती फिरते."

"फिरते म्हणजे?" नंदिता म्हणाली.

"वारा आला की फिरते. हळू. बघत बसलं तरच कळतं. आपल्याकडे पाठ होती, बघता बघता अंगावरून वळली नि तोंड आपल्याकडे."

नंदिता हसली. वाईट हसली नाही, पण हसली. मग म्हणाली, "काका, आमचे आजोबा गेले होते तुमच्याच कंपनीतून. ते तर म्हणत होते, महाराज बसमध्ये नसतातच. ते मुक्कामावर स्वयंपाक करतात."

बाबा म्हणाले, "ते बरोबरच आहे गो."

माझे कान तापले. मैत्रिणींपुढे वडिलांची थाप पकडली गेली, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं. मी म्हणाले, "बाबा, सोळा-सोळा फुटांचे पुतळे वाऱ्यानं फिरत नसतात. प्रवासी बघून येतात, तुम्हाला सांगतात, आणि ते तुम्ही आम्हाला सांगता. दुसऱ्यांचं उष्टं आम्हाला वाढता."

माझ्या बाबांनी आयुष्यात कुणाच्या पानात उष्टा कण वाढला नव्हता. दोनशे माणसांच्या पंगतीतही खरकटा हात लागलेलं भांडं ते बाजूला काढून ठेवत.

 त्यांनी माझ्या ताटात पोळी वाढली. "गार होतेय," म्हणाले. "खा."

आई स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत राहिली. त्यावर पुन्हा कधी कुणी बोललं नाही.

तर त्या परीखाली मी उभी होते. फेब्रुवारीतलं स्वच्छ ऊन, हिरवळीवर माणसं पसरलेली. घुमटावर ती होती. काळी, हातात तुतारी. हलत नव्हती. मी बाकावर बसले. तासभर मान वर करून बसले. ती कुठे जाणार नव्हती, हे स्पष्ट दिसत होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

एक म्हातारा पहारेकरी दोनदा जाऊन आला आणि तिसऱ्यांदा माझ्यापाशी थांबला. "ती हलायची वाट बघताय?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "हलते?"

"बॉल-बेअरिंगवर बसवलेली आहे. मधली बरीच वर्षं अडकून पडलेली असायची, मग दुरुस्त करतात. वारा जोराचा हवा. आज नाही हलणार." त्याने आभाळाकडे पाहून घेतलं. "आणि वारा असला तरी लोकांना दिसत नाही. बस येते, पाऊण तासात फोटो काढून जाते. बसून राहील त्यालाच दिसतं."

"बसून राहतं कुणी?"

"राहतं एखादं," तो म्हणाला. "तुम्ही बसलात की."

बसमधून आलेल्या कुठल्याही प्रवाशाने बाबांना हे सांगितलेलं नव्हतं. पाठ होती आणि तोंड आपल्याकडे झालं, हे बाकावर बसून राहिलेल्या माणसाचं वाक्य होतं. मी ज्या बाकावर बसले होते त्यावर, नाहीतर शेजारच्या. सतरा वर्षांनंतर बाबांची गोष्ट दुसऱ्या वाट्यात जाऊन पडली आणि पहिल्या वाट्यातलं सगळं, पूल, दही, पुरी, आपोआप तिच्या मागे गेलं.

वाईट वाटलं, पण त्यात एक गोडवाही होता, हे कबूल करते. निदान त्यांनी बघितलं होतं. मी म्हटलं म्हणून न बघितलेलं झालं नव्हतं. मला वाटलं, आता गच्चीवर जाता येईल.

दुपारचे तीन वाजत आले होते. जिन्याच्या शेवटी पत्र्याचं दार, ते उघडंच होतं. गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि कोपऱ्यात पत्र्याची शेड. तिथून कोलकाता दिसत नव्हतं. पलीकडच्या इमारतीची मागची भिंत दिसत होती आणि तिच्यावरचे नळ. शेडमध्ये साठीचा एक किडकिडीत माणूस सुपात तांदूळ निवडत बसला होता. लुंगी, अंगात बनियन, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"वर पाहुण्यांना परवानगी नाही, दीदी," तो सुपावरून नजर न काढता म्हणाला. आम्ही हिंदीत बोलत होतो.

"माझे वडील इथे स्वयंपाक करायचे. पुण्याच्या कंपनीचे महाराज. अनंत गुरव."

त्याचा हात तांदळात थांबला. चष्मा वर सरकवून त्याने मला नीट पाहिलं.

"बायो?" तो म्हणाला.

आई गेल्यापासून आणि मग बाबा गेल्यापासून मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. मी मान हलवली.

तो उठला, बनियनवर शर्ट चढवला, बटणं लावली आणि मग नमस्कार केला. त्याचं नाव निताई हालदार; इथल्या रीतीने मी त्यांना निताईदा म्हणू लागले. हॉटेलचा माणूस, पण मराठी टूर आली की त्याला महाराजांच्या हाताखाली देत. गेली काही वर्षं कंपनी दुसऱ्या, मोठ्या हॉटेलात उतरते, हे त्यानेच सांगितलं. शेड आता कोठीसारखी वापरत होते.

"मोहाराज कसे आहेत?"

मी सांगितलं. निताईदांनी सूप बाजूला ठेवलं.  मग चुलीच्या रिकाम्या जागेकडे हात करून म्हणाले, "तिथे उभे राहायचे. मला म्हणायचे," आणि त्यांनी चक्क मराठीत म्हटलं, "'निताई, मीठ बघ. निताई, ढवळ. अरे गाढवा, पातळ कर!'"

मला हसू आलं. तेही हसले. "मला सगळं येतं. पोळी, वरण, कोशिंबीर. पिठलं. घरी बायकोला पिठलं करून घातलं. ती म्हणाली, हे आजारी माणसाचं जेवण आहे का?"

त्यांनी चहा केला, मला उलट्या घातलेल्या पातेल्यावर बसवलं. मी विचारलं, "बाबा बाहेर जायचे का हो? फिरायला?"

"जायचे म्हणजे! प्रवाशांचं जेवण एक वाजता. भांडी घासून होईपर्यंत तीन. चहा पाचला. मधले दोन तास सगळे आचारी झोपायचे, सकाळी चारला उठलेले असायचे ना. मोहाराज तोंड धुवायचे, सदरा बदलायचे आणि निघायचे. मी म्हणायचो, पडा जरा. तर म्हणायचे, बायोला सांगायचं आहे." निताईदांनी घड्याळ बघावं तसं मनगट वर केलं. "तीन ते पाच. त्या वेळात एकच ठिकाण बघून होतं, जास्त नाही. एकदा व्हिक्टोरियाला गेले, तर साडेपाच झाले तरी पत्ता नाही! खाली प्रवासी चहासाठी ओरडतायत. मॅनेजरने शिव्या घातल्या. हे हसतायत. मला म्हणाले, निताई, वळली! वळताना बघितली!"

मी कप खाली ठेवला.

"कंपनीने दंड केला असेल, पण त्यांना काही नाही. चार दिवस पोळ्या लाटताना तेच. बायोला सांगतो, बायोला सांगतो."

म्हणून एकच गोष्ट. ते निवडून आणत नव्हते, त्यांना तेवढंच मिळत होतं. झोपेतून कापून घेतलेलं, ताजं, माझ्यासाठी पहिल्या वाफेचं.

"मग पुढच्या वर्षी आले," निताईदा म्हणाले, "आणि तीन वाजता तोंड धुतलं नाही. पोतं अंथरलं आणि इथे बसले. लसूण सोलत. मला वाटलं, बरं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग कधी गेलेच नाहीत."

"कोणतं साल, आठवतं?"

"माझी मोठी मुलगी झाली ना, त्याच थंडीत. ती आता सतरा वर्षांची आहे."

मी हिशेब केला. गरज नव्हती तरी केला. दिवाळीत मी ते बोलले होते. थंडीत ते इथे आले होते. त्यानंतर बाबांनी आणखी तेरा वर्षं नोकरी केली. तेरा हिवाळे ते या भिंतीकडे तोंड करून लसूण सोलत बसले. आणि दर वेळी घरी येऊन चहा घेऊन, पाय धुऊन पाटावर बसले असणार. 'बायो, विचार' कधी बंद झालं, ते मला कळलंही नव्हतं. मी मोठी झाले म्हणून, असं काहीतरी मी गृहीत धरलं होतं. ती पुरीही तेव्हाच बंद झाली असणार.

"एक विचारू, दीदी?" निताईदांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "त्यांची सगळी मराठी मला आली. एकच वाक्य राहिलं. मी रोज विचारायचो, मोहाराज, आज फिरायला नाही जायचं? ते रोज तेच म्हणायचे. मी अर्थ विचारला की हसायचे, म्हणायचे, तू कांदा चीर. मनात राहून गेलं आहे. तुम्ही सांगाल?"

"काय म्हणायचे?"

निताईदांनी आठवून, एकेक शब्द सांभाळत ते म्हटलं. उच्चार बंगाली होता. सूर बाबांचा होता, अगदी शेवटी थोडा खाली येणारा.

"कुणाला सांगायचंय."

चादरी वाळत होत्या. खाली कुणीतरी नळ सोडला. निताईदा माझ्या तोंडाकडे बघत होते, चष्म्याच्या दोऱ्याशी चाळा करत, शिकायला बसलेल्या माणसासारखे.

"पाय दुखतात," मी म्हणाले. "त्याचा अर्थ, पाय दुखतात."

"हां." त्यांनी समाधानाने मान डोलावली. "मला वाटलंच होतं. दिवसभर उभं राहायचं म्हणजे काय. मी म्हणायचो, तेल कोमट करून देतो. तर नको म्हणायचे. एवढं दुखत होतं तर घ्यायचं ना." मग जरा थांबून ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा हळूच म्हटलं, आता अर्थासकट, आणि तांदूळ निवडायला लागले.

मी तिथेच बसले. पाच वाजेपर्यंत त्यांच्याबरोबर तांदूळ निवडले.

दुसऱ्या दिवशी माझं दक्षिणेश्वर ठरलेलं होतं, नंतर नावेने बेलूर. संध्याकाळची गाडी होती, वेळ भरपूर होता. खांद्याला पिशवी लावून मी जिना उतरत होते, तर निताईदा भाजीची टोपली घेऊन वर येत होते. मला बघून त्यांनी टोपली खाली ठेवली.

"आज कुठे, दीदी? दक्षिणेश्वर?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. चिंचवडच्या घराचं कुलूप डोळ्यांपुढे आलं. आतला पाट, भिंतीला उभा केलेला.

"कुणाला सांगायचंय," मी म्हणाले.

निताईदांनी खाली माझ्या चपलांकडे पाहिलं.

"तुमचेही?" ते म्हणाले. "या, वर बसा." आणि टोपली तिथेच ठेवून, माझ्या खांद्यावरची पिशवी घेऊन, ते माझ्या पुढे जिना चढायला लागले.